पाडण्याआधी मरामतीचा हिशेब दाखवा

अहमदाबादच्या आयआयएममधली लुई कानने बांधलेली वसतिगृहं पाडावीत की ठेवावीत, या वादात मला दोन्ही बाजूंचा राग येतो. पण सारखा नाही.

आधी प्रकरण काय ते पाहू. 1961 साली ही संस्था सुरू झाली. बाळकृष्ण दोशी (जन्म पुण्यातला, शिक्षण मुंबईच्या जे.जे.मध्ये) यांच्या आग्रहाखातर अमेरिकेचा लुई कान हे काम करायला आला. 1974 साली भारतातून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनवर तो वारला. पुढचं काम आपल्या अनंत राजे यांनी सांभाळलं. डिसेंबर 2020 मध्ये संस्थेने 18 पैकी 14 वसतिगृहं पाडायचं ठरवलं. जगभरातून ओरड झाली आणि 1 जानेवारी 2021 ला निर्णय मागे घेतला गेला. नोव्हेंबर 2022 मध्ये संस्था पुन्हा पहिल्या पदावर आली. आता म्हणे बाहेरून रूप तेच ठेवून नव्याने बांधणार.

या शैलीला ब्रुटॅलिझम म्हणतात. शब्द ऐकून क्रूर काहीतरी वाटतं, पण मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ फक्त 'कच्चं', म्हणजे गिलावा न केलेलं काँक्रीट. कानच्या इथे उघड्या विटा आहेत, तत्त्व तेच. जे आहे ते झाकायचं नाही.

वाचवा म्हणणाऱ्यांवर माझा राग एवढाच, की त्यांतल्या बहुतेकांना त्या खोलीत झोपायचं नाही. छत गळतं, विटेचे तुकडे खाली पडतात, तिथे राहणाऱ्या पोराला तुम्ही 'प्रकाशाचं काव्य' ऐकवता? आमच्या वणीत मे महिन्यात स्लॅबच्या वर्गात एक तास शिकवून पाहा. जुन्या कवेलूच्या खोल्या बऱ्या होत्या असं वाटेल. शिवाय कोळशाच्या ट्रकांची धूळ. इथे उघडं काँक्रीट दोन पावसाळ्यांत काळं पडतं. ज्याला तिथे राहायचं आहे त्याचं मत आधी विचारलं पाहिजे, हे मी मान्य करतो.

पण संस्थेवरचा राग मोठा आहे. इमारत एका रात्रीत धोकादायक होत नाही. पाणी आत शिरतं, सळई गंजते, गंजली की फुगते आणि आतून बांधकाम फोडते. याला वर्षं लागतात. 2001 च्या भूकंपाचं नाव घेतलं जातं, विटांचा दर्जा कमी होता असंही सांगितलं जातं. असेल. मग त्याच विटांचं, त्याच आवारातलं विक्रम साराभाई वाचनालय कसं नीट झालं? मुंबईच्या ब्रिंदा सोमय्या यांच्या कार्यालयाने ते दुरुस्त केलं आणि 2019 मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. म्हणजे दुरुस्ती होते. ती महाग असते, हळू असते, आणि तिच्या उद्घाटनाची फीत कापता येत नाही.

कायदाही पाडणाऱ्याच्याच बाजूने. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं राज रेवल यांचं हॉल ऑफ नेशन्स 1972 चं. एप्रिल 2017 मध्ये रातोरात पाडलं, कारण 60 वर्षं पूर्ण नसलेल्या इमारतीला वारसा मानत नाहीत. आमच्याकडे शिक्षक 58 व्या वर्षी निवृत्त होतो. इमारतीने मात्र दुर्लक्षात 60 वर्षं काढायची, मग तिचा विचार होणार!

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून एक गोष्ट सांगतो. 'इमारत', 'तामीर' आणि 'उमर' हे शब्द एकाच अरबी धातूतून आले आहेत. वस्ती असणं, आयुष्य असणं, हे त्या शब्दातच आहे. मराठीने 'मरामत' हाही शब्द घेतला. हिंदीत मात्र 'मरम्मत करणं' म्हणजे चोप देणं असाही अर्थ झालाय, आणि सरकारी इमारतींना तोच जास्त लागू पडतो.

हे अहमदाबादच्या श्रीमंत संस्थेचं दुखणं आहे, आपल्याला काय, असं कुणी म्हणेल. जिल्हा परिषदेच्या शाळांकडे बघा. तिथे शब्द आहे 'निर्लेखन'. अभियंता पाहणी करतो, प्रस्ताव वर जातो, मंजुरी येते, खोली पाडतात, जुन्या साहित्याचा लिलाव होतो. नवी खोली कधी येईल ते कुणी सांगत नाही. आणि दुरुस्तीला काय मिळतं? समग्र शिक्षा योजनेत पट 30 पर्यंत असेल तर संयुक्त शाळा अनुदान वर्षाला 10,000 रुपये. खडू, वीजबिल, स्वच्छता, किरकोळ डागडुजी, सगळं त्यातच. भिंती किती जुन्या आहेत याचा हिशेब नाही, डोकी किती याचा आहे. उर्दू शाळांचा पट आधीच लहान. म्हणजे जिथे छत गळतं तिथेच पैसा कमी, आणि गळून गळून खोली पडायला आली की आपोआप निर्लेखनाला पात्र.

म्हणून मागणी साधी आहे. आयआयएम असो की गावची शाळा, पाडण्याच्या प्रस्तावाला मागच्या 20 वर्षांच्या देखभालीच्या खर्चाचा तक्ता जोडलेला असावा. कोणत्या वर्षी छतावर किती खर्च झाला, गळतीच्या किती तक्रारी आल्या, कुणी काय उत्तर दिलं. तो तक्ता फलकावर लावा, विद्यार्थ्यांना आणि पालकांना वाचू द्या. त्यानंतरही अभियंता म्हणाला की ही खोली जीव घेईल, तर खुशाल पाडा. मी स्वतः मुलांना बाहेर काढून उभं राहीन. पण तक्ता कोरा निघाला, तर आधी खुलासा त्या कोऱ्या रकान्यांचा मागा.