दगडांतलें पान आणि हरवलेली चाल

उमरेडचें नांव काढलें, कीं बाहेरचा मनुष्य कऱ्हांडल्याच्या वाघांची चौकशी करतो. कोळशाची कोणी करीत नाहीं. आम्हीहि तो जाळण्यापुरताच ओळखतों. वस्तुतः पंचवीस कोटि वर्षांहूनहि पूर्वीं या भागांत दलदलीचें अरण्य होतें, आणि त्यांत ग्लॉसोप्टेरिस नांवाचे वृक्ष वाढत. त्यांचें पान जिभेसारखें लांबट, मधून एक ठळक शीर गेलेली. तें अरण्य गाडलें जाऊन हा कोळसा झाला.

या पानांचे ठसे नागपूरकडच्या दगडांतून जमविणारांत अग्रेसर होते स्टीफन हिस्लॉप. १८४५ सालीं ते मिशनरी म्हणून नागपुरास आले, त्यांनीं शाळा काढली, आणि सवड सांपडेल तेव्हां कामठी व सिलेवाडा येथील दगडांचे थर धुंडाळले. पुढें १९१२ सालीं दक्षिण ध्रुवाहून परततांना कॅप्टन स्कॉट व त्यांचे सोबती मृत्यु पावले, तेव्हां त्यांच्याजवळ सुमारें १६ किलो दगड सांपडले. त्यांतहि हेंच पान होतें! दोन्ही भूमि एके काळीं जोडलेल्या होत्या, याचा तो एक पुरावा ठरला. आणि त्या प्राचीन खंडास शास्त्रज्ञांनीं नांव दिलें तें आमच्या गोंडवनाचें.

परंतु मला अधिक मोल वाटतें तें हिस्लॉप यांच्या दुसऱ्या संग्रहाचें. परधान गायकांचें लिंगोचें दीर्घ गीत त्यांनीं गोंडी शब्दांत उतरवून घेतलें. १८६३ सालीं टाकळघाटचीं प्राचीन शिळावर्तुळें पाहून परततांना वाटेंतील भरलेल्या नदींत ते बुडाले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं प्रसिद्ध केले. शब्द वांचले, चाल मात्र कागदावर आली नाहीं.

शास्त्रोक्त गायनाचें दैव बरें. पंडित विष्णु नारायण भातखंडे देशभर हिंडले, उस्तादांच्या मनधरण्या केल्या, आणि शेंकडों चिजा स्वरलिपीसह छापून ठेवल्या. तितकें भाग्य परधानांच्या किंगरीच्या वाट्यास आलें नाहीं. कोणी म्हणेल, “कोठें रागदारी आणि कोठें किंगरी!” हा भेद मला मान्य नाहीं. जें गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानांत जातें, तें वेळीं न टिपल्यास दोन्हीकडे सारखेंच नष्ट होतें.

तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, सुटींत आजोळीं जाल त्या वेळीं डोळे व कान दोन्ही उघडे ठेवा. पानाचा ठसा असलेला दगड मिळाला, तर जागेचें नांव व तारीख चिठ्ठीवर लिहून त्यास चिकटवा. जागा न लिहिलेला दगड अभ्यासकाच्या फारसा उपयोगाचा नाहीं. (खाणींत मात्र उतरूं नका, रस्त्याकडेचा ढीग पुरे.) किंगरीवाले आजोबा भेटले, तर त्यांची संमति घेऊन सबंध गीत ध्वनिमुद्रित करा, आणि गाणाऱ्याचें नांव प्रथम नोंदवा. पालकांनींहि हा वेळ वायां गेला असें समजूं नये. ध्वनि टिपणारें यंत्र आतां बहुतेकांच्या खिशांत असतें; हिस्लॉप यांच्याजवळ तें नव्हतें.