पेढ्या दोन, नियम एक

भोरला किराणा मालाची पेढी आणि वेल्ह्याला तिची शाखा असलेले एक कुटुंब कल्पावे. पायथनमध्ये त्यांचा हिशेब मांडताना ‘दुकान’ हा क्लास म्हणजे खातेवहीचा नमुना. दोन्ही दुकाने त्यातून घडलेले दोन ऑब्जेक्ट. शिल्लक व उधारी ज्याची त्याची. ती वाचणाऱ्या मेथडला ‘सेल्फ’ लागतो, म्हणजे कोणाची वही उघडायची हे सांगावे लागते.

तुपावरील जीएसटी काढण्यास मात्र कोणाचीच वही लागत नाही. किंमत कळली की पुरे. असे काम स्टॅटिक मेथडचे. वरती ‘@स्टॅटिकमेथड’ लिहावे, ‘सेल्फ’ वगळावा आणि क्लासच्या नावानेच तिला बोलवावे. स्टॅटिक मेथडची सोय पायथनमध्ये २००१ साली आली.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी तुपावरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दर प्रत्येक दुकानाच्या वहीत निराळा नोंदलेला असता, तर एखाद्या ठिकाणी दुरुस्ती राहून ग्राहकावर नाहक भार पडला असता. मेथडमध्ये एकदा बदलला की दोन्हीकडे बदलतो.

उधारीची मर्यादा दुकानागणिक वेगळी असेल, तर तेथे साधी मेथडच हवी. सामाईक काय आणि स्वतंत्र काय, हे ओळखणे हाच चोख हिशेबाचा पाया होय.