बॅटरी गेली म्हणे! मोजली का?

"साहेब, बॅटरी गेली. नवीन टाकावी लागेल." हे वाक्य ऐकलं नाही असा गाडीवाला सापडायचा नाही. आणि त्यावर "कशावरून?" असं विचारणारा तर त्याहून सापडायचा नाही. मंडळी, आजचा माझा राग या न विचारलेल्या प्रश्नावर आहे.

आमच्या धंद्यात सर्व्हर बंद पडला की पहिला प्रश्न असतो, "लॉग बघितला का?" लॉग न बघता "नवीन सर्व्हर घ्या" म्हणणाऱ्याला क्लायंट दारात उभा करणार नाही. पण तोच क्लायंट, स्वतःची गाडी सुरू होत नाही म्हटल्यावर, बॉनेटखालून आलेल्या 'कट्-कट्' आवाजाच्या भरवशावर चार-पाच हजार रुपये मोजून मोकळा होतो.

अहो, बॅटरी उतरणं वेगळं आणि बॅटरी जाणं वेगळं. मोबाइल रात्री बंद पडला तर आपण तो चार्जिंगला लावतो, फेकून देत नाही. गाडीच्या बॅटरीला हा न्याय का नाही? 'कट्-कट्' आवाज उतरलेल्या बॅटरीचाही असतो, टर्मिनल सैल झाल्याचाही असतो, त्यावर पांढरी-हिरवी पावडर जमल्याचाही असतो. ऑल्टरनेटर चार्जिंग करत नसेल तर नवीन बॅटरीसुद्धा काही दिवसांत हाच आवाज काढेल. मग त्या गरीब बॅटरीचा काय दोष?

मोजायला लागतं काय, तर काही शे रुपयांचा मल्टीमीटर. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी मोजायची. आत सहा सेल, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. म्हणजे १२.६ च्या वर असेल तर भरलेली, १२.२ च्या आसपास अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगायचं आणि आकडा बघायचा. भरलेली बॅटरी असूनही तो ९.६ च्या खूप खाली कोसळत असेल, तर ती खरंच गेली, खुशाल बदला. शेवटी इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसायला हवं. (काही नवीन गाड्यांत कॉम्प्युटर हे कमीजास्त करतो, त्यामुळे एका आकड्यावर लगेच घाबरू नका.) तीन आकडे, पाच मिनिटं. झालं!

एका दुकानात मी "टेस्ट करून द्या" म्हटलं तर उत्तर मिळालं, "मशीन आहे, पण आत ठेवलंय." आतच राहणार की! मशीन "अजून वर्षभर चालेल" म्हणालं तर धंदा बुडाला.

पण सगळा दोष दुकानदाराच्या माथी मारणं बरोबर नाही. आपणही कमी नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर रविवारी एक विधी चालतो. काका खाली येतात, गाडी सुरू करतात, दहा मिनिटं जागच्या जागी घुर्रघुर्र करतात, वर एसी लावतात आणि समाधानाने वर जातात. आता गणित करू. गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म, लॉक वगैरे मिळून समजा ३० मिलिअँपिअर खातात. दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर, आठवड्याला पाच. एवढे दहा मिनिटांत परत भरायला सलग ३० अँपिअर बॅटरीत जायला हवेत. आयडलिंगला, एसी चालू ठेवून? आणि बऱ्यापैकी भरलेली बॅटरी तेवढा करंट घेतही नाही. छोट्या गाडीची बॅटरी असते साधारण ३५ अँपिअर-अवरची. म्हणजे काही आठवड्यांत ती अर्धी होते, काकांचा विधी मात्र अखंड चालू. २०२० च्या लॉकडाऊननंतर गाड्या रांगेने का बंद पडल्या, हे यावरून कळेल. अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटवर लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट होत जातात, आणि मग उतरलेली बॅटरी खरोखरच 'गेलेली' होते. गाडी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवा, नाहीतर चार्जर आणून तीन-चार अँपिअरवर रात्रभर हळू चार्ज करा. हवेशीर जागी मात्र, कारण त्यातून हायड्रोजन निघतो.

पूर्वी बॅटरीवाल्याकडे काचेचा हायड्रोमीटर असायचा. तो प्रत्येक सेलमध्ये बुडवून बघायचा आणि मगच बोलायचा. 'मेंटेनन्स-फ्री' आली आणि ते बघणंच संपलं. हे नाव ज्याने ठेवलं त्याला दंडवत! प्लेटमध्ये अँटिमनीऐवजी कॅल्शिअम वापरल्याने पाणी फार कमी उडतं, हे खरं आणि चांगलं इंजिनिअरिंग. पण त्याचा अर्थ 'पाणी घालायला नको' एवढाच. 'ढुंकून बघायला नको' असा नाही. (झाकणवाली बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. कुणी अ‍ॅसिड ओतायला लागला तर हात धरा, कारण उडतं ते पाणी, अ‍ॅसिड नव्हे.)

आता वॉरंटीची गंमत. समजा ५० महिने लिहिलेत. बारीक अक्षरात बघा, त्यातले २५ महिने फुकट बदली आणि उरलेले 'प्रो-राटा'. म्हणजे नव्या बॅटरीवर सूट, आणि ती सहसा एमआरपीवर. एमआरपी ६००० धरा, दुकानात तीच रोख ४८०० ला मिळते. चाळिसाव्या महिन्यात तुम्हाला २० टक्के सूट मिळाली, तर किंमत किती? ४८००! म्हणून तुलना करायची ती फक्त पहिल्या आकड्याची.

घेताना दुसरी गोष्ट म्हणजे उत्पादनाचा महिना. नुसती शेल्फवर बसूनही बॅटरी उतरते, त्यामुळे सहा महिने धूळ खाल्लेली नको. थोडी जास्त अँपिअर-अवरची घेतली तर "ऑल्टरनेटर जळेल" असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. ट्रेमध्ये नीट बसली आणि टर्मिनल योग्य बाजूला आले की पुरे. मात्र सिग्नलला आपोआप बंद होणारी स्टार्ट-स्टॉपवाली गाडी असेल तर तिथे ईएफबी किंवा एजीएमच हवी, साधी बसवू देऊ नका. आणि आमच्याकडे इलेक्ट्रिक आहे म्हणून हसणाऱ्यांनो, तुमच्याही गाडीत एक १२ व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ढिम्म!

बॅटरीचा खरा शत्रू उन्हाळा. थंडीत स्टार्टर अडखळतो म्हणून आपण थंडीला शिव्या देतो, पण प्लेट झिजलेल्या असतात मे महिन्यातच. नागपूरला ४५ अंश असताना बॉनेटखाली काय होत असेल विचार करा. काही गाड्यांत बॅटरीभोवती उष्णता अडवणारं कव्हर असतं. बॅटरी बदलताना "याचं काही काम नाही" म्हणून ते बाजूला फेकलं जातं. ते परत मागून घ्या आणि समोर उभं राहून बसवून घ्या.