बाळंतिणीच्या खोलीचं दार उघडा

बारशाचा दिवस. पाळण्याला झेंडूच्या माळा, घरभर घुगऱ्यांचा वास. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी हसत हसत तिच्या पाठीत धपाटे घातले. आतल्या खोलीत माझी मावसबहीण कानाला रुमाल बांधून भिंतीला टेकून बसली होती. येणारी प्रत्येक जण डोकावून विचारत होती: दूध पुरतं का, रात्री झोपू देतो का, कुणावर गेलाय? ती नुसती मान हलवत होती. मीही बाळाच्या मुठीत बोट दिलं, उशाशी झबल्यांचा जोड ठेवला आणि बाहेर आले.

पाच महिन्यांनी ती आईला म्हणाली, "बाळ रडलं की मला या घरातून पळून जावंसं वाटतं. मी वाईट आई आहे का गं?" मानसोपचारतज्ज्ञांकडे पोचायला आणखी दोन महिने गेले. मधे एक उतारा झाला, एक गंडा बांधून झाला आणि 'आम्ही नाही का काढली पोरं' हे तिला घरोघरच्या बायकांनी ऐकवलं. उपचार सुरू झाले तशी ती हळूहळू सावरली, पुन्हा हसू लागली. पण सात महिने ती जे एकटीने सोसत होती, ते सोसायची तिला काहीच गरज नव्हती.

भारतातल्या ३८ अभ्यासांमधल्या २०,०४३ मातांची माहिती एकत्र करून २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक लेख आला. बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण त्यात २२ टक्के निघालं. पाच बाळंतिणींमागे एक. तुमच्या गल्लीत, चाळीत, वाडीवर गेल्या वर्षभरात किती पाळणे हलले ते आठवा आणि बोटांवर मोजा.

आधी हे दुखणं नीट ओळखू या. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं, चिडचिड होते, मन हळवं होतं. हे पुष्कळ जणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्याला विश्रांती आणि मायेचं माणूस पुरतं. पण दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल, बाळाचा लळा लागत नसेल, 'माझ्यावाचून सगळ्यांचं बरं चालेल' असं ती बोलत असेल, तर ते नैराश्य आहे. आणि हजारातल्या एक-दोघींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच, अचानक भास होऊ लागतात, भलता संशय येतो, दिवसरात्र झोप उडते. जुनी माणसं याला बाळंतवात म्हणत किंवा बाहेरचं झालं म्हणत. ही तातडीची वेळ असते. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. अशा वेळी बाईला एकटं सोडू नका आणि मांत्रिकाच्या दारात एक तासही घालवू नका. थेट रुग्णालय गाठा.

बडबडणारी बाई सगळ्यांच्या लक्षात येते. गप्प झालेली येत नाही. उलट 'किती गुणाची, कशाची तक्रार नाही' म्हणून तिचं कौतुक होतं.

हे दुखणं येतं कुठून? बाळंतपणानंतर शरीरातली संप्रेरकं झपाट्याने उतरतात, रात्रीची झोप तुटते, रक्त कमी झालेलं असतं, कधी थायरॉइड बिघडतं. पण सगळा दोष शरीरावर टाकून आपल्याला सुटता येणार नाही. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात २७० गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के जणी नैराश्यात होत्या आणि त्यांच्यापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणी पोटुशी असतानाच खचलेल्या होत्या. गरिबी, नवऱ्याशी बिनसलेलं नातं आणि मुलगी होणं, या गोष्टींशी त्यांच्या दुखण्याचा संबंध दिसला. सातव्या महिन्यात आपण तिला हिरवी साडी नेसवली, फुलांची वाडी भरली, डोहाळे पुरवले. त्याच वेळी ती आतून ढासळत असेल, तर ते कुणाला दिसलं? मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी, आणि तिसरी मुलगी झाली की घरात शांतता. त्या शांततेत निजलेल्या बाईच्या मनाचं काय होत असेल, हे कळायला पुस्तक वाचावं लागत नाही.

ऊसतोडीला गेलेल्या बाईचा विचार करा. दिवाळीच्या आसपास बीडहून निघायचं, पोटात बाळ घेऊन मोळ्या वाहायच्या, कारण जोडीची उचल फेडायची असते. गावातली आशाताई ओळखीची, पण बाळंतपण परक्या जिल्ह्यातल्या फडावर, खोपीत. तिथे तिच्याकडे कोण फिरकतं? आणि जिचं बाळ गेलं, तिचा विचार करा. पाळणा रिकामा, पान्हा मात्र फुटलेला. तिच्या घरी ना बारसं, ना बाळंतविडा. 'अजून वय आहे, दुसरं होईल' एवढं बोलून आपण तिच्या दारावरून पुढे जातो.

अशा प्रत्येक बाईपर्यंत पोचणं आपल्याला जमणार नाही, असं कुणी म्हणू नये. घरोघरी जाऊन जीव कसा वाचवायचा, हे याच महाराष्ट्राने दाखवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या, थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते निष्कर्ष आले आणि पुढे देशाने ती वाट धरली. आज दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. बाळाचं वजन करते, ताप बघते, अंगावर नीट पितंय का ते पाहते. सहा वेळा ती त्या खोलीत शिरते. त्या सहाही वेळा तिने बाळाच्या आईला दोन प्रश्न विचारावेत: गेले पंधरा दिवस मन सारखं उदास, खिन्न असतं का? एरवी आवडणाऱ्या गोष्टींत जीव लागेनासा झालाय का? दोनपैकी एकालाही 'हो' आलं, तर पुढची विचारपूस करायची आणि तिला डॉक्टरांपर्यंत न्यायचं. त्या पुढच्या विचारपुशीसाठी १९८७ पासून जगभर वापरात असलेली एडिनबरो प्रश्नावली आहे, तीही अवघ्या दहा प्रश्नांची. मात्र हे काम आशाताईंवर फुकट लादू नका. त्यांना शिकवा, त्याचा मोबदला द्या आणि त्यांनी पाठवलेल्या बाईला पुढे डॉक्टर भेटेल याची हमी द्या.

गोव्यात तर शेजारच्याच बायका 'सखी' होऊन नैराश्यातल्या गर्भवतींच्या घरी गेल्या, बाळंतपणानंतरही जात राहिल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सख्यांची साथ लाभलेल्या जास्त जणी सहा महिन्यांत आजारातून बाहेर आल्या. आपल्याकडे गावोगाव बचत गट आहेत. पापड-लोणच्यांचा आणि कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब चोख ठेवणाऱ्या या बायकांमधून प्रत्येक वाडीला एक सखी निघणार नाही का? निघेल. तिला फक्त बोलवायला हवं.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करता येत नाही. बंगळूरच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आई-बाळाला एकत्र ठेवणारा कक्ष चालतो. ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि नागपूरला आपली प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. त्या प्रत्येक ठिकाणी असा सुसज्ज कक्ष हवा, ही मागणी तुमच्या आमदारांच्या कानावर घाला, ग्रामसभेत ठराव करून घाला. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची तपासणी होते. तिथे रक्तदाबाबरोबर मनाचीही विचारपूस व्हावी, असा आग्रह धरा. 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. तो बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर आजच पेनाने लिहून ठेवा.

सासूबाई, तुम्हीही एके काळी याच खोलीत होतात. तेव्हा तुम्हाला जे कुणी विचारलं नाही, ते सुनेला विचारा. घरच्या पुरुषांनो, रात्रीचं एक जागरण आपल्या अंगावर घ्या, तिला सलग चार-पाच तास झोपू द्या, दवाखान्यात तिच्यासोबत जा. औषधं लागली तर घाबरू नका. त्यांतली बरीच अंगावर पाजत असतानाही घेता येतात, कोणती ते डॉक्टर ठरवतील. आणि जी ही ओळ बाळाला मांडीवर घेऊन वाचते आहे, तिला मी सांगते: बाई, तू वाईट आई नाहीस. तू आजारी आहेस आणि हा आजार बरा होतो. एका माणसाला आज सांग.

१८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. समाजाने तोंड फिरवलेल्या गरोदर विधवांना तिथे बाळंतपणासाठी आसरा मिळाला. त्यांच्यातल्याच काशीबाईंचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. अवघं पुणं विरोधात असताना दोन माणसांनी पोटुशा बाईसाठी घराचं दार उघडलं होतं. आपल्याला तर आपल्याच घरातल्या एका खोलीचं दार उघडायचं आहे.

या महिन्यात तुम्हीही कुठल्या तरी बारशाला जाल. बाळाला बघा, झबलं द्या, घुगऱ्या खा. मग बाळंतिणीजवळ जा, तिचा हात हातात घ्या आणि ते दोन प्रश्न विचारा. मी बाळाच्या मुठीत बोट देऊन बाहेर आले होते. तुम्ही तशा येऊ नका. तिथे बसा. ती बोलेपर्यंत बसा.