समाईक नाणे, स्वतंत्र तिजोऱ्या

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. युरोपच्या राजकीय एकीकरणाविषयी तिकडे वर्षानुवर्षे चाललेल्या वादातही अखेर हाच प्रत्यय येतो. संघराज्याकडे निर्धाराने वाटचाल करा, असे एक पक्ष म्हणतो. राष्ट्राचे सार्वभौमत्व ब्रुसेल्सच्या नोकरशाहीकडे गहाण टाकू नका, असे दुसरा बजावतो. खरा प्रश्न मात्र याहून रोकडा आहे. समाईक खर्चासाठी कर कोणी बसवायचा आणि त्याचा जाब कोणाला द्यायचा?

१९५१ साली सहा राष्ट्रांनी कोळसा व पोलाद यांचा कारभार एकत्र आणला आणि १९५७ च्या रोम कराराने समाईक बाजारपेठेचा पाया घातला. व्यापाराकडून राजकारणाकडे सावकाश जाण्याची ही पद्धत फलदायी ठरली, हे निर्विवाद. तथापि १९९२ च्या मास्ट्रिक्ट कराराने समाईक नाणे ठरविले, तेव्हा त्यामागे समाईक तिजोरी उभी केली नाही. वस्तुतः १९७७ सालीच मॅकडुगल अभ्यासगटाने, संघराज्यपूर्व अवस्थेतही समाईक खर्च एकूण उत्पन्नाच्या दोन ते अडीच टक्के असावा, असे सुचविले होते. आजही तो एक टक्क्याच्या आसपासच घोटाळत आहे.

या उणिवेची किंमत ग्रीसने मोजली. आपल्याकडे केंद्रीय करांतील वाटा वित्त आयोगाच्या शिफारशीने दुर्बल राज्यांना मिळतो. तो उपकार नसतो. २०१० पासून ग्रीसला मिळाली ती मात्र कर्जे, आणि त्यांच्या अटींत निवृत्तिवेतनाची कपातही होती. जुलै २०१५ मध्ये सुमारे ६१ टक्के मतदारांनी नव्या अटी धुडकावल्या. पण काही दिवसांतच सरकारला तशाच अटी मान्य कराव्या लागल्या. आपल्या मताला मोल उरले नाही, ही ग्रीक मतदाराची तक्रार खरी होती. दुसऱ्याच्या कर्जाचा भार आम्ही का वाहावा, हा जर्मन करदात्याचा सवालही खोटा नव्हता.

२०२० मध्ये महासाथीच्या संकटात ७५० अब्ज युरोंच्या निधीसाठी समाईक कर्ज उभारण्याचे ठरले. हे पाऊल मोठे होते. परंतु हे कर्ज २०५८ पर्यंत फेडायचे आहे आणि संघाला उत्पन्नाचे नवे साधन द्यायचे, तर प्रत्येक सदस्य राष्ट्राची संमती लागते. एकाने नकार दिला की सारे अडते.

मग हा नकाराधिकार गुपचूप काढून घ्यावा काय? मुळीच नाही. २००५ साली फ्रान्स व नेदरलँड्सच्या जनतेने युरोपीय राज्यघटना फेटाळली. तरीही तिचा बराचसा आशय २००७ च्या लिस्बन करारातून, त्या देशांत पुन्हा कौल न घेता, आणला गेला. त्या वेळी उत्पन्न झालेला अविश्वास अद्याप ओसरलेला नाही.

युरोपीय संसद १९७९ पासून थेट जनतेकडून निवडली जाते, पण तिला कर बसविण्याचा अधिकार नाही. जिला कर मागता येत नाही, तिला मतदारही गांभीर्याने जाब विचारीत नाही. म्हणून मर्यादित, निश्चित असा एक समाईक कर या संसदेच्या हाती द्यावा आणि तो प्रस्ताव आधी उघडपणे मतदारांपुढे ठेवावा. जनतेने नकार दिला, तर एकीकरणाची ती मर्यादा मानावी. संमतीवाचून भरलेली तिजोरी रिकाम्या तिजोरीइतकीच धोक्याची असते.