अध्यक्षांची घंटा

पक्षाच्या बैठकांतून अलीकडे दोन प्रकार सर्रास आढळतात. प्रतिकूल मत कानी पडताच अध्यक्षांची घंटा वाजते, हा एक. आणि वक्ता मुद्दा सोडून दुसऱ्याच्या हेतूंवर घसरतो, हा दुसरा. पहिल्याला शिस्त म्हटले जाते, दुसऱ्याला परखडपणा. वस्तुतः दोन्ही चर्चेचे वैरीच होत.

या बाबतीत घटना समितीचा आदर्श साथींनी ध्यानी घ्यावा. घटनेच्या मसुद्यावर ७,६३५ उपसूचना आल्या आणि त्यांपैकी २,४७३ सभागृहात मांडल्या गेल्या. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी प्रा. के. टी. शहा यांनी भारताच्या वर्णनात ‘धर्मनिरपेक्ष, संघात्मक, समाजवादी’ हे शब्द घालावेत, असे सुचविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास विरोध केला. समाजरचना कोणती असावी हे जनतेने काळानुरूप ठरवावे, घटनेने तिचे हात बांधू नयेत. शिवाय मार्गदर्शक तत्त्वांत समाजवादी आशय आहेच, असा त्यांचा युक्तिवाद होता. उपसूचना फेटाळली गेली. परंतु शहांच्या हेतूंविषयी शंका घेण्याची गरज बाबासाहेबांना भासली नाही. उलट, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी समारोप करताना त्यांनी शहा, तसेच पुढे प्रजासमाजवादी पक्षात आलेले हरि विष्णु कामत, या व अन्य ‘बंडखोरां’चा नामनिर्देश करून ऋण मानले. सारेच सभासद पक्षशिस्तीला शरण गेले असते तर कामकाज नीरस झाले असते, असे ते म्हणाले. कायद्याचा कीस काढून काम अडू न दिल्याबद्दल त्यांनी अध्यक्ष राजेंद्रप्रसादांचेही आभार मानले.

‘समाजवादी’ हा शब्द उद्देशिकेत आला तो १९७६ साली, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने. तेव्हा आणीबाणी होती. विरोधी पक्षांचे अनेक खासदार तुरुंगात होते आणि वृत्तपत्रांवर निर्बंध होते. हा शब्द आम्हांस प्रिय आहे. तरीही खुल्या चर्चेत झालेल्या १९४८ च्या पराभवात त्याचा मान अधिक राखला गेला, असे म्हणावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

तेव्हा अध्यक्षांनी घंटा जरूर वाजवावी; पण ती हेत्वारोप करणाऱ्यासाठी, वेळ खाणाऱ्यासाठी, आणि तो नेता असला तरीही. भिन्न मत मांडणाऱ्यास पुरेसा अवधी द्यावा. ठराव बहुमताने झाला तरी अल्पमताची नोंद इतिवृत्तात व्हावी. आज ज्याला गप्प बसविले, तो कार्यकर्ता पुढच्या बैठकीस येत नाही. मग एकमत होते खरे, परंतु ते रिकाम्या खुर्च्यांचे!