चट्टा दिसतो, नसेचे काय?

भारताने डिसेंबर 2005 अखेर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आणले, पण ती देशाची सरासरी होती. नंदुरबारच्या पाड्यांवर रुग्ण आजही सापडतात. आशाताई चट्टे शोधतात, बहुविध औषधे मोफत मिळतात, जंतू मरतात. पण रोगाने नस दुखावून बधिर झालेल्या तळव्यात बाभळीचा काटा रुतला तरी कळत नाही. त्याची जखम होते, ती चिघळते आणि बोटे झिजत जातात. नसेची नवी इजा साधारण सहा महिन्यांच्या आत लक्षात आली, तर प्रेडनिसोलोन या औषधाने बऱ्याच जणांची संवेदना सुधारते. उशीर झाला की ती आशा मावळते. औषधांचा कोर्स संपला की रुग्ण बरा, हा सरकारी हिशेब म्हणूनच अपुरा आहे.

नसाही तपासायच्या तर आरोग्य केंद्रांवर आधीच कामाचा डोंगर, हा आक्षेप खराच. पण रुग्णाला डोळे मिटायला सांगून तळव्यावर बॉलपेन हलकेच टेकवायचे आणि कुठे लागले ते विचारायचे, याला कोणतेही यंत्र लागत नाही. ‘मुंग्या येतात? बी-12चे इंजेक्शन घ्या’ हा सल्लाही सरसकट चालणार नाही. त्या जीवनसत्त्वाची कमतरता असेल तरच त्याचा उपयोग. उरतो स्थलांतराचा प्रश्न, आणि तो खरोखर अवघड आहे. ऊसतोडीला गुजरातेत गेलेला माणूस तपासणीला येणार कसा? निदान गाव सोडण्याआधी आणि परतल्यावर त्याचे हातपाय तपासा, मऊ तळाच्या एमसीआर चपला वेळेवर द्या आणि नसांची नोंद त्याच्याच कार्डावर करा.